लेकराच्या डोळ्यांतील आईबाप : मराठवाड्यातील तीन साहित्यकृतींच्या निमित्ताने

मराठवाड्यातून आलेल्या आत्मकथनांचे आणि ग्रामीण कथांचे वाचन आपल्याकडे बहुधा एकाच अंगाने होत आले आहे. जातीचा जाच, भूक, दुष्काळ, पोलिसांचा मार, सावकाराचा तगादा यांचा दस्तऐवज म्हणून आपण ही पुस्तके हाती घेतो, हळहळतो आणि मिटून ठेवतो. हे वाचन चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते अपुरे आहे. या पुस्तकांच्या पानापानांवर आईबाप आहेत, मोठ्या बहिणी आहेत, आज्या आहेत. एकाच वेळी दहा संकटांनी घेरलेल्या घरात लेकरू वाढवण्याचे काम ही माणसे करीत असतात. ते काम त्यांना आपण जमवू शकू असे कधी वाटते, आणि तो विश्वास त्यांच्यापासून कोण हिरावून घेतो, हा प्रश्न घेऊन ही पुस्तके फारशी कोणी वाचलेली नाहीत. प्रस्तुत लेखात आम्ही तो प्रयत्न करणार आहोत.

त्यासाठी तीन कृती निवडल्या आहेत. पहिली, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९); दुसरी, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७); आणि तिसरी, भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा. सोनकांबळे यांचे चेरा हे गाव जळकोटच्या परिसरातले, म्हणजे लातूर आणि नांदेड हे दोन जिल्हे जिथे एकमेकांना भिडतात त्या टापूतले. गायकवाड यांचे धनेगाव लातूर तालुक्यातले. चंदनशिव शेजारच्या कळंब तालुक्यातले. तिन्ही लेखकांची बोली, तिन्हींचा पाऊस आणि तिन्हींचा बाजार एकाच मुलखाचा आहे.

१

प्रथम एका शब्दाचा विचार करू. समाजकार्याच्या परिभाषेत अशा घरांना 'बहुसमस्याग्रस्त कुटुंब' म्हणतात. हा शब्दप्रयोग अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्याला रूढ झाला. तेथील सेंट पॉल शहराच्या पाहणीत असे दिसले की, शहरातील सुमारे सहा टक्के कुटुंबांवरच सर्व मदतसंस्थांची निम्म्याहून अधिक शक्ती खर्ची पडते. १९५२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अशा कुटुंबांना एक नाव मिळाले. नाव देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. आजार, कर्ज, बेकारी, व्यसन, भांडण या गोष्टी सुट्या सुट्या येत नाहीत, त्या एकमेकींत गुंतून येतात, हे त्यांना सांगायचे होते. पण नाव पडले की ते माणसाला चिकटते. समस्या घराबाहेरून आत आल्या हे विसरले जाते आणि घरच समस्या आहे असे वाटू लागते.

'उचल्या' हे शीर्षक म्हणजे असेच एक चिकटलेले नाव आहे. ब्रिटिशांनी १८७१ साली काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. निजामाच्या मुलखातही त्याच धर्तीचे निर्बंध होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, तरी गावाची नजर आणि पोलिसांची सवय रद्द झाली नाही. पाथरुट समाजात जन्मलेल्या लेखकाने ते नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच लिहिले. १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ज्या नावाने आजवर शिवी दिली जात होती, ते नाव सन्मानपत्रावर लिहिले गेले.

२

'उचल्या'तील दोन प्रसंग आम्हांस या विषयाच्या दृष्टीने कळीचे वाटतात.

पहिला प्रसंग शिक्षणाचा आहे, मात्र हे शिक्षण शाळेतले नव्हे. चोरीचा धंदा हेच ज्या वस्तीचे पोट आहे, तिथे पोरांना तो धंदा शिकवावा लागतो. त्या शिकवणीत हातचलाखी येते, तसा मार सोसणेही येते. उद्या पोलिसांनी पकडले तर पोराने साथीदारांची नावे सांगू नयेत, म्हणून त्याला आधी घरच्यांनीच मारून तयार करायचे. सुखवस्तू वाचकाचा पहिला उद्गार येथे 'किती क्रूर' असाच असेल. परंतु जरा थांबून पाहावे. पोलिसांचा मार चुकणार नाही याची खात्री असलेला बाप लेकराला त्या माराची सवय करून देतो आहे. तो लेकराला वाचवूच पाहतो. पण वाचवण्याची जेवढी रीत त्याला ठाऊक आहे, ती सारी त्या लेकराला जखमीच करते. बापाची माया आणि बापाचे क्रौर्य येथे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही. लेखकानेही ते वेगळे काढलेले नाही. त्याने निवाडा दिला नाही, समर्थन केले नाही, पाहिले तसे सांगितले. या संयमामुळेच ही पाने वाचकाला छळत राहतात.

दुसरा प्रसंग खऱ्या शाळेचा. लक्ष्मणचे वडील चोरीच्या वाटेला न जाता शेतावर राबणारे. त्यांनी या मुलाला शाळेत घातले. त्या जमातीत शाळेची पायरी चढणारे हे जवळजवळ पहिलेच लेकरू. पुढे वस्तीतली पोरे हगवण-वांतीने आजारी पडली, तेव्हा लोकांनी कारण शोधले : मारतंडाचा पोरगा शाळेत जातो, म्हणून हे संकट आले. हा आरोप आपल्याला हास्यास्पद वाटतो. ज्या बापाला तो ऐकावा लागला, त्याच्या जागी उभे राहिले म्हणजे हसू मावळते. शेजाऱ्याचे लेकरू तापाने फणफणले आहे आणि सारे जण आपल्या दाराकडे बोट दाखवीत आहेत. आपण केले ते बरोबर, हे सांगायला आसपास एकही माणूस नाही. तरीही शाळा सुटली नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली आत्मविश्वासाची एक उपपत्ती मांडली. एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास माणसाला चार वाटांनी मिळतो, असे त्यांचे म्हणणे. पूर्वी ते काम स्वतः केल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते करताना पाहणे, जवळच्यांनी दिलेला धीर, आणि शरीर व मन ताळ्यावर असणे. आता या बापाकडे पाहू. तो स्वतः शाळेत गेला नाही. आपल्यातल्या कोणाचे लेकरू शिकलेले त्याने पाहिले नाही. जवळच्यांनी धीर द्यायचा, तर ते दोष देत आहेत. पोट उपाशी आहे. चारही वाटा बंद असताना हा माणूस लेकराचे दप्तर काढून घेत नाही, हे कोठून आले? उपपत्ती येथे थबकते आणि साहित्य पुढे जाते. आमचे उत्तर असे की, त्याच्याजवळ विश्वास नसेलही. त्याच्याजवळ नकार होता. माझ्यासारखे याचे होऊ नये, एवढेच त्याला नक्की ठाऊक होते. पुष्कळ आईबापांचा प्रवास याच नकारापासून सुरू होतो, आणि त्यास कमी लेखण्याचे कारण नाही.

या पुस्तकाची एक उणीवही नोंदवली पाहिजे. उत्तरार्धात सूतगिरणीतील काम, कामगारांची संघटना, चळवळ यांना जागा मिळते आणि घर मागे सरते. स्वतः संसारी झालेला लक्ष्मण आपल्या घराकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे आपल्याला त्रोटकच कळते. पूर्वार्धात बापाला इतक्या बारकाईने पाहणारा लेखक स्वतः बाप होतो तेव्हा त्याची लेखणी आवरती होते. हा केवळ याच लेखकाचा दोष नव्हे. मराठीतील पुरुषांच्या बहुतेक आत्मकथनांत मुलगा बोलतो आणि बाप गप्प राहतो.

३

'आठवणींचे पक्षी' या पुस्तकात आईबाप जवळजवळ नाहीतच. लेखक लहानपणीच पोरका झाला आणि बहिणीच्या आश्रयाला राहिला. त्यामुळे या पुस्तकातील खरी पालक ही बहीण आहे. पालकत्वाच्या चर्चेत या नात्याचा विचार आपण सहसा करीत नाही. पण आपल्या समाजात आई गेल्यावर किती घरे मोठ्या बहिणीने सावरली, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय?

बहिणीची अडचण आईच्या अडचणीहून वेगळी असते. आई आपल्या घरात असते. बहीण सासरी असते. तिच्या संसारातला दाणा मोजका आणि त्यावर तिचा अधिकार त्याहून मोजका. भावाच्या ताटात पडणारी प्रत्येक भाकर ती कोणाच्या तरी डोळ्यांसमोर वाढते. माया पुष्कळ, पण ती उघड करण्याची मोकळीक नाही, अशी ही स्थिती आहे. आणि लेकराचीही स्थिती तशीच. आईजवळ रडून मागता येते. बहिणीकडे मागताना तिला त्रास होईल का, हे आधी पाहावे लागते. पोरक्या मुलाला लवकर येणारे हे शहाणपण सोनकांबळे यांनी कुठेही स्वतःची कीव न करता लिहिले आहे. जळकोट-उदगीरकडील बोलीतील त्यांचे निवेदन कित्येकदा मिस्कील होते. भुकेच्या प्रसंगातही ते वाचकाला हसवतात. या विनोदाने दुःख हलके होते असे नव्हे, पण त्यामुळे माणसे लहान होत नाहीत. बहीण दयेचा विषय होत नाही, ती माणूस राहते.

पुस्तकाची रचना सुट्या आठवणींची आहे. सलग जीवनकथा शोधणाऱ्याला ती विस्कळीत वाटेल. आम्हांस मात्र ही रचना विषयाला साजेशी वाटते. ज्या लेकराचे एक घर नाही, एक चूल नाही, त्याच्या आठवणी सलग कशा असणार? त्या पक्ष्यांसारख्याच येतात, बसतात आणि उडून जातात. सलगता आयुष्यात येते ती पुढे, शिक्षणाने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत उभारलेल्या महाविद्यालयाने मराठवाड्यातल्या कितीतरी अशा मुलांना पहिल्यांदा एक पत्ता दिला. सोनकांबळे त्यांतलेच एक.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. लेकरू दुसऱ्याच्या हाती सोपवणे हाही पालकत्वाचाच भाग असतो. वसतिगृहात मूल ठेवणारी आई मुलाला टाकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद भागातील हजारो घरे मोडली, तेव्हा भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. ज्या आप्तांनी त्या मुलांना जाऊ दिले, त्यांनी केवढे मन घट्ट केले असेल! आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या आईवडिलांचे शिक्षण मिशनच्या बोर्डिंगात झाले. बोर्डिंगच्या आठवणी आपण पुष्कळ लिहिल्या. पेटी घेऊन मुलाला दाराशी सोडून परत फिरलेल्या आईविषयी मात्र आपण फार थोडे लिहिले आहे.

४

'लाल चिखल' ही कथा लहान आहे आणि घटना एकच. शेतकरी बाप टोमॅटो बाजारात आणतो. भाव पडलेला आहे. गिऱ्हाइके घासाघीस करतात, कवडीमोल मागतात. शेवटी बाप स्वतः पिकवलेला तो लालभडक माल स्वतःच्याच पायांखाली तुडवतो. मुलगा हे पाहत असतो.

या कथेची चर्चा नेहमी शेतमालाच्या भावाच्या अंगाने झाली आणि ते साहजिकच आहे. तथापि, कथेचा कणा बाजार नसून मुलाची नजर आहे, असे आमचे मत आहे. तो मुलगा तिथे नसता, तर ती एका शेतकऱ्याच्या संतापाची हकीकत झाली असती. मुलगा आहे म्हणून ती बापाच्या पराभवाची कथा होते. शेतात हाच बाप मोठा आहे. पेरणे, खुरपणे, पाणी धरणे यांतले सारे त्याला येते. बाजारात तो एकाएकी लहान होतो. बांडुरांच्या भाषेत सांगायचे, तर ज्या कामाच्या अनुभवातून विश्वास यायचा, ते काम त्याने उत्तम करूनही जग त्याला नापास करते. घरी जाऊन मुलाला 'कष्ट कर, फळ मिळेल' असे तो आता कोणत्या तोंडाने सांगणार? बापाचा अधिकार रागाने किंवा व्यसनाने जातो हे आपण जाणतो. उत्तम काम करूनही तो जाऊ शकतो, हे या कथेने दाखवले.

चंदनशिव कथा तिथेच थांबवतात, त्या रात्री घरात काय झाले ते सांगत नाहीत. कथाकार म्हणून तो निर्णय योग्यच आहे. पण वाचकाने त्या रात्रीचा विचार केल्याशिवाय कथा संपली असे मानू नये. नंतरच्या दशकांत मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या ज्या बातम्या आपण वाचत आलो, त्यांच्यामागे असे किती बाजार आणि अशा किती रात्री असतील!

५

तिन्ही कृती एकत्र ठेवल्या म्हणजे एक सूत्र हाती लागते. पालकाचा आत्मविश्वास हा त्याचा अंगभूत गुण असतो असे आपण समजतो. अमकी आई खंबीर, तमका बाप नेभळट, असे सहज बोलतो. या कृती सांगतात की, हा विश्वास बराचसा बाहेरून दिला जातो आणि बाहेरून काढून घेतला जातो. 'उचल्या'त तो पोलीस आणि वस्ती काढून घेतात, 'आठवणींचे पक्षी'मध्ये संसारातली पराधीनता, 'लाल चिखल'मध्ये बाजार. आणि तो काढून घेतला जातो तेव्हा बहुधा लेकरू समोर उभे असते.

मराठी वाचकाच्या मनात आदर्श पालकाची मूर्ती साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ने (१९३५) घडवली. ते पुस्तक थोर आहे, त्याचे ऋण आम्हांवर आहे. श्यामचे घरही दारिद्र्यात ओढले गेलेले आहे आणि सावकाराच्या माणसाने केलेला अपमान तिथेही आहे. पण त्या आईजवळ एक भांडवल शाबूत आहे : बरे-वाईट सांगण्याची भाषा, आणि ती भाषा मान्य असलेला शेजार. धनेगावच्या वस्तीत खरे बोलणे म्हणजे भावाला पोलिसांच्या हाती देणे होते. श्यामच्या आईच्या मापाने ती घरे मोजली, तर ती उणी भरणारच. दोष मापाचा आहे.

आमच्या वाचकांस जवळचे असलेले 'स्मृतिचित्रे' या ठिकाणी आठवते. टिळक ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावर अनाथ मुलेही त्यांनी पोटच्यांसारखी वाढवली. या पुस्तकाचे वेगळेपण असे की, येथे आई स्वतः बोलते. आपल्या फजित्या ती खळखळून सांगते. आपण चुकू शकतो, तरी आपण आई आहोत, हा मोकळेपणा तिच्या प्रत्येक पानावर आहे. वरील तीन कृतींतील आईबापांना असे स्वतःच्या तोंडाने बोलण्याची संधी मिळाली नाही. त्यांची बाजू लेकरांनी लिहिली.

६

आता थोडे आपल्याविषयी. आयरिश वंशाचे लेखक फ्रँक मॅकोर्ट यांचे 'अँजेलाज् अ‍ॅशेस' (१९९६) हे आत्मकथन लिमेरिक या कॅथलिक शहरातील अशाच एका घराची कहाणी सांगते. बाप मजुरी दारूत घालवतो, भावंडे दगावतात, आई मदतीसाठी सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या दारी रांगेत उभी राहते आणि प्रश्नांना उत्तरे देते. एके दिवशी धर्मगुरूंच्या घराच्या दाराशी उरलेल्या अन्नासाठी हात पसरलेल्या गर्दीत मुलाला आपली आई दिसते. धनेगावचा पोलीस, कळंबकडचा बाजार आणि लिमेरिकचे ते दार, यांत त्या क्षणी लेकराच्या दृष्टीने काय फरक उरला? मदत मिळाली, पण आई लेकराच्या डोळ्यांत लहान झाली.

ही गोष्ट आपल्याला झोंबली पाहिजे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी ती संस्था काढली, तेव्हा गरिबाच्या घरी आपण जावे, ही त्यांची रीत होती. गृहभेटीमागचा अर्थ त्यात आहे. धर्मग्रामातल्या एखाद्या अडचणीतल्या घरी आपण तांदूळ घेऊन जातो, तेव्हा पोराबाळांसमोर बापाला 'पिणे सोडलेस का?' असे विचारतो काय? आईला तिच्या मुलीसमोर संसार कसा करावा हे शिकवतो काय? तांदूळ आठ दिवसांत संपतो. तो प्रश्न मुलीच्या मनात आयुष्यभर राहतो. उलट 'तुमचा पोरगा वर्गात नीट लक्ष देतो, घरात वळण चांगले आहे' हे एक वाक्य लेकरासमोर बोलले गेले, तर त्या घराला किती दिवस पुरेल! याचा अर्थ व्यसनाकडे किंवा मारझोडीकडे डोळेझाक करावी असा मुळीच नाही. लेकराला इजा होत असेल तर मध्ये पडलेच पाहिजे. बोलायचे ते बोलावे. कोणासमोर बोलावे, एवढे पाहावे.

सुस्थितीतील घरांनाही या पुस्तकांत शिकण्यासारखे आहे. 'लातूर पॅटर्न'ची ख्याती झाल्यापासून लातुरात आणि नांदेडात शिकवणीसाठी खोली घेऊन राहणारी मुले, आणि त्यांना डबा करून घालण्यासाठी गाव सोडून आलेल्या आया, हे नेहमीचे चित्र झाले आहे. तेथे भूक नाही, पोलीस नाहीत. पण लेकराच्या गुणांवर स्वतःची किंमत ठरवणारे आईबाप आहेत. मुलाचा एक आकडा कमी आला की आपले पालकत्वच फसले असे त्यांना वाटते. हा बाजार टोमॅटोच्या बाजाराहून फार निराळा आहे असे आम्हांस वाटत नाही. त्या घरांची कथा लिहिली जायची आहे.

एक शेवटचा मुद्दा. या पुस्तकांतील मुलांनी आपल्या आईबापांना हरताना पाहिले. काही काळ त्यांना लाज वाटली असेल, रागही आला असेल. पुढे ती शिकली, लिहिती झाली, आणि तो अपमान जसाच्या तसा, काहीही न लपवता त्यांनी जगासमोर मांडला. तसे करताना आईबापांची मान मात्र त्यांनी पुन्हा वर उचलली. आत्मकथन हे पुष्कळदा लेखकाच्या स्वतःच्या मोठेपणाचे साधन होते. येथे ते लेकराने फेडलेले ऋण आहे. ज्या बापाने सारी वस्ती विरोधात असताना पोराचे दप्तर काढून घेतले नाही, त्या बापाला आपण बरोबर केले की नाही हे कोणी सांगितले नव्हते. 'उचल्या'ने ते सांगितले, एवढेच की ते फार उशिरा. आपल्या शेजारच्या आईबापांना ते सांगण्यासाठी मूल मोठे होऊन पुस्तक लिहीपर्यंत थांबण्याची गरज नाही.